जपानची ओळख करून देणारी माहितीपर पुस्तके : निवड आणि वाचन

प्रश्न असा आहे : पाचवी ते सातवीच्या मुलांना जपानच्या संस्कृतीची ओळख माहितीपर पुस्तकांमधून करून द्यायची आहे, परंतु हाती येणारी बहुतेक पुस्तके फुजी पर्वत, किमोनो, सुशी आणि बुलेट ट्रेन यांच्या पलीकडे जात नाहीत, आणि ती वाचून झाल्यावर मुलांनाही याच चार गोष्टी सांगता येतात. मग पुस्तके कशी निवडावीत आणि वर्गात कशी वाचून घ्यावीत? प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिकेने पुढे असेही लिहिले आहे की, शाळेच्या ग्रंथालयात जगातील देशांची ओळख करून देणारी एक जुनी मालिका आहे. ती ठेवावी की काढून टाकावी?

मुलांच्या ग्रंथालयात दीर्घकाळ पुस्तकांची निवड करत आल्यामुळे माझे मत आता बरेच पक्के झाले आहे. संपूर्ण जपान सांगणारे एक पुस्तक शोधण्यात वेळ घालवू नका. जपानमधली एकच गोष्ट मुळापासून सांगणारी चार-पाच पुस्तके शोधा. भूगोल, इतिहास, धर्म, सण, खाद्यपदार्थ आणि उद्योग अशा सगळ्या विषयांना दोन-दोन पाने देणाऱ्या पुस्तकात सर्वांत आधी कात्री लागते ती कारणांना आणि माणसांना. उरतात ती विधाने. ‘जपानी लोक शिस्तप्रिय असतात’ हे असेच एक विधान आहे. त्यावर मुलाला एकही प्रश्न सुचत नाही. ते पाठ करता येते आणि परीक्षेत लिहिता येते, एवढाच त्याचा उपयोग. मुलाच्या मनात प्रश्न उभा राहतो तो तपशिलामुळे, आणि तपशिलाला जागा लागते.

शाळेतील दुपारच्या जेवणाचेच उदाहरण घेऊ, कारण या वयाच्या वाचकांसाठी इतका चांगला विषय मला दुसरा माहीत नाही. जपानमधील प्राथमिक शाळांत बहुतेक ठिकाणी मुले आपापल्या वर्गातच जेवतात. ज्या गटाची पाळी असते ती मुले पांढरा अंगरखा, टोपी आणि मास्क चढवून स्वयंपाकघराकडून भांडी आणतात, रांगेत उभ्या राहिलेल्या वर्गमित्रांना वाढतात, आणि शिक्षकही त्याच खोलीत बसून तेच अन्न खातात. महिन्याभराचा आहार आधी ठरलेला असतो आणि त्याचे पत्रक घरी पाठवले जाते. चांगले पुस्तक हा प्रसंग सावकाश दाखवते : जड पातेले दोघांनी मिळून कसे धरायचे, सर्वांना सारखे वाढले गेले आहे की नाही हे कोण पाहते, उरलेल्या एका वाटीवर तिघांनी हक्क सांगितला तर काय करायचे. अशी पाने वाचताना मुले पुस्तकातल्या मुलांच्या शेजारी जाऊन बसतात.

पण तेवढ्यावर थांबणारे पुस्तक अर्धेच काम करते. या जेवणाला इतिहास आहे. त्याची सुरुवात साधारणपणे १८८९ सालच्या यामागाता प्रांतातील त्सुरुओका येथील एका शाळेपासून मानली जाते; तेथे गरीब मुलांना जेवण दिले जात असे. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात अन्नाची भीषण टंचाई होती, तेव्हा परदेशी मदतीतून आलेल्या दुधाच्या भुकटीवर आणि गव्हावर शाळांतील जेवण पुन्हा सुरू झाले. १९५४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. भात मात्र या जेवणात अधिकृतपणे आला तो १९७६ साली. म्हणजे ज्या देशाचे मुख्य अन्न भात आहे असे प्रत्येक पुस्तक सांगते, त्या देशातील मुले शाळेत जवळजवळ तीन दशके मुख्यतः पाव खात होती. हे वाचल्यावर सहावीतले मूल ‘का?’ असे विचारतेच, आणि त्याचे उत्तर युद्ध, भूक, अमेरिकेची मदत आणि सरकारी धोरण अशा वाटांनी जाते. संस्कृती म्हणजे अनादी काळापासून जशीच्या तशी चालत आलेली गोष्ट, हा समज एका ताटाच्या इतिहासाने मोडतो. वेगळा उपदेश करावा लागत नाही.

उपदेशाचा विषय निघालाच आहे, तर शाळेच्या साफसफाईबद्दलही लिहितो. जपानी मुले आपला वर्ग, जिने आणि बऱ्याच शाळांत स्वच्छतागृहेही स्वतः साफ करतात, ही गोष्ट आपल्याकडच्या लेखकांना आणि त्याहून अधिक पालकांना अतिशय प्रिय आहे. ती खरी आहे. मात्र ती अनेकदा अशा सुरात सांगितली जाते की, परक्या देशाची ओळख बाजूला राहून वाचणाऱ्या मुलांची कानउघाडणी सुरू होते. मुलांना हा सूर लगेच कळतो आणि मग त्यांना त्या जपानी मुलांचा कंटाळा येऊ लागतो. पुस्तक चाळताना मी पाहतो ते एवढेच की, झाडणाऱ्या मुलाला झाडायचा कंटाळाही येऊ शकतो, हे लेखकाला ठाऊक आहे का. कोणत्याही देशातील माणसे सतत गुणी दाखवणारे पुस्तक त्यांना परकेच ठेवते.

येथे ‘तोत्तोचान’चा उल्लेख अपरिहार्य आहे, कारण मराठी घरांतील मुलांच्या मनातला जपान पुष्कळदा त्या एका पुस्तकातून आलेला असतो. ते जरूर वाचावे; तेत्सुको कुरोयानागी यांच्या स्वतःच्या बालपणाच्या त्या आठवणी आहेत, त्यामुळे माहितीपर वाचनाशी त्याचे नातेही जवळचे आहे. पण वाचून झाल्यावर दोन गोष्टी मुलांसमोर स्पष्ट ठेवाव्यात. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी ती तोमोए शाळा १९३७ साली सुरू झाली आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. म्हणजे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले असले, तरी त्यातला काळ युद्धाच्या आधीचा आणि युद्धाचा आहे. दुसरी गोष्ट अशी की, ती शाळा त्या काळातही अपवादात्मक होती. तोत्तोचानला आधीच्या शाळेतून काढून टाकले म्हणून ती तेथे आली. अपवादाला देशाचा नमुना मानण्याची चूक मोठेही करतात, मुलांची तर गोष्टच सोडा. त्यामुळे या पुस्तकाच्या जोडीला आजच्या एखाद्या सामान्य जपानी शाळेचा दिवस छायाचित्रांतून दाखवणारे पुस्तक ठेवावे आणि दोन्ही एकाच आठवड्यात वाचून घ्यावीत.

निवडीची दुसरी कसोटी म्हणजे पुस्तकातला जपान एकसारखा आहे की अनेक परींचा. ‘जपानमध्ये वसंत ऋतूत चेरी फुलते’ हे वाक्य जवळपास प्रत्येक पुस्तकात असते. दक्षिण टोकाकडच्या ओकिनावा बेटांवर चेरीचा बहर जानेवारीत सुरू होतो, टोकियोत साधारण मार्चच्या अखेरीस, आणि उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरील साप्पोरो शहरात एप्रिलचा शेवट किंवा मे उजाडावा लागतो. ज्या पुस्तकात ही बहराची सरकती रेषा नकाशावर दाखवली आहे, ते मुलांना देशाची उत्तर-दक्षिण लांबी आकड्याशिवाय समजावून देते. वर्गात कोरा नकाशा देऊन मुलांना ही रेषा स्वतः काढायला लावावी. मग होक्काइदोतील हिवाळा आणि ओकिनावातील उबदार किनारा एकाच देशात कसे असू शकतात, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

हीच गोष्ट माणसांनाही लागू होते. होक्काइदोचे मूळ रहिवासी असलेल्या आइनू लोकांविषयी जुन्या पुस्तकांत एक तर काहीच नसते, किंवा असते ते भूतकाळात : ते असे राहत असत, अशी वस्त्रे वापरत असत. जपानच्या संसदेने २००८ साली आइनू लोकांना मूलनिवासी मानावे असा ठराव केला, २०१९ साली तसा कायदा झाला, आणि २०२० साली शिराओई येथे आइनू संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय खुले झाले. ओकिनावाचेही तसेच आहे. तेथे पूर्वी र्‍युक्यू हे स्वतंत्र राज्य होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात गेलेला तो प्रदेश १९७२ साली जपानकडे परत आला. ज्या पुस्तकात आइनू आणि ओकिनावाचे लोक वर्तमानकाळातील क्रियापदांसह येतात, ते पुस्तक मी निम्मी लढाई जिंकलेले समजतो. हे तपासायला दोन मिनिटे लागतात. शेवटच्या शब्दसूचीत ही दोन नावे शोधावीत आणि ती पाने उघडावीत.

शब्दसूची नसेल, तर मात्र थोडे थांबून विचार करावा. माहितीपर पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचले जावे, अशी अपेक्षा नसते. मुलाला हवे ते शोधता यायला हवे. अनुक्रमणिका, शब्दसूची, नकाशा, छायाचित्रांखालच्या ओळी आणि मुद्रणवर्ष या पाच गोष्टी मी मजकुराच्या आधी पाहतो. त्यातही छायाचित्राखालची ओळ फार बोलकी असते. ‘पारंपरिक वेशातील जपानी मुलगी’ एवढेच लिहिले असेल, तर त्या चित्रातील व्यक्ती ही व्यक्ती उरलेली नाही. ती कोठली आहे, चित्र कोणत्या प्रसंगाचे आहे, तो वेश ती रोज घालते की सात वर्षांची झाली म्हणून नोव्हेंबरमधील शिचि-गो-सान या दिवशी देवळात जाताना घातला आहे, यांपैकी काहीतरी कळले पाहिजे.

मुद्रणवर्षाचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण त्यातून वर्गासाठी उत्तम काम निघते. मुलांच्या दोन गटांना जपानवरची दोन पुस्तके द्यावीत, एक जुने आणि एक २०२३ नंतरचे, आणि देशात किती बेटे आहेत ते शोधायला सांगावे. जुन्या पुस्तकात ६,८५२ असा आकडा मिळेल, नव्यात १४,१२५. दोन्ही गट आपापल्या छापील पानावर बोट ठेवून आपलेच बरोबर असल्याचे सांगतील. मग कारण शोधायचे. पहिली मोजणी १९८७ साली कागदी नकाशांवरून झाली होती. २०२३ साली अधिक बारकाईचे संगणकीय नकाशे वापरून पुन्हा मोजणी केली गेली, आणि पूर्वी एकत्र धरली गेलेली किंवा निसटलेली पुष्कळ लहान बेटे वेगळी मोजली गेली. १०० मीटर किंवा अधिक परिघाचा निकष तोच राहिला, आणि देशाचे क्षेत्रफळ या मोजणीमुळे म्हणण्यासारखे बदलले नाही. छापलेली माहितीसुद्धा कोणीतरी, कधीतरी, कोणत्या तरी साधनाने मोजलेली असते, हे मुलांना एका तासात उमगते. हे ज्ञान जपानच्या कितीतरी पलीकडे उपयोगी पडते.

जुन्या पुस्तकांतील अशी आणखी काही ठिकाणे सांगून ठेवतो, म्हणजे तपासणे सोपे जाईल. टोकियोचा प्रसिद्ध घाऊक मासळीबाजार त्सुकिजी येथे असल्याचे लिहिले असेल, तर मजकूर २०१८ पूर्वीचा आहे; त्या वर्षी तो तोयोसु येथे हलला. चालू सम्राटयुग, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीला दिलेले नाव, हेइसेइ असल्याचे लिहिले असेल, तर १ मे २०१९ पासून रेइवा युग सुरू झाले आहे. मुले विसाव्या वर्षी सज्ञान होतात असे असेल, तर एप्रिल २०२२ पासून ते वय १८ झाले आहे. टोकियोतील सर्वांत उंच मनोरा म्हणून ३३३ मीटरचा टोकियो टॉवर दिला असेल, तर पुस्तक २०१२ मध्ये खुल्या झालेल्या ६३४ मीटर उंच स्कायट्रीच्या आधीचे आहे. यांपैकी कोणत्याही एका चुकीसाठी पुस्तक बाद करावे असे नाही. पण ‘सुधारित आवृत्ती’ असे छापूनही हे सगळे जुनेच राहिले असेल, तर फक्त मुखपृष्ठ सुधारले आहे असे समजावे.

आता अवघड विषयांकडे येतो. जपानविषयी वाचायचे आणि हिरोशिमा टाळायचे, हे शक्य नाही आणि योग्यही नाही. या वयोगटात ते बहुधा सादाको सासाकीच्या द्वारे येते. सादाकोचा जन्म १९४३ चा; ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये ती गेली. आजारपणात ती कागदाचे करकोचे घडवत होती. तिच्या वर्गमित्रांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले मुलांचे शांतिस्मारक ५ मे १९५८ रोजी, म्हणजे जपानच्या बालदिनी, खुले झाले. इथपर्यंत सर्व पुस्तके एकमताने सांगतात. मात्र अनेक पुस्तकांत असेही असते की, तिचे ६४४ करकोचे झाले, हजार पुरे होण्याआधीच ती गेली आणि उरलेले मैत्रिणींनी पूर्ण केले. हे एका लोकप्रिय इंग्रजी बालकादंबरीतून पसरले आहे. तिच्या कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार आणि हिरोशिमाच्या स्मृतिसंग्रहालयानुसार तिने हजारांहून अधिक करकोचे घडवले होते. कादंबरीकाराला तसे लिहिण्याची मुभा आहे, माहितीपर पुस्तकाला नाही. म्हणून सादाकोचे पान हे त्या पुस्तकाच्या लेखकाने मूळ साधने पाहिली आहेत की इकडून तिकडून उचलले आहे, याची चांगली परीक्षा ठरते. मुलांनाही हे सांगावे. हजार पूर्ण करूनही ती वाचली नाही, हे सत्य कादंबरीतल्या शेवटाहून पचायला कठीण आहे, आणि सातवीतली मुले ते पेलू शकतात असा माझा अनुभव आहे.

सातवीसाठी निवडलेल्या पुस्तकांपैकी एकात तरी युद्धाची दुसरी बाजू यायला हवी. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानची वसाहत होती, आणि हिरोशिमात मरण पावलेल्यांत कोरियन लोकही मोठ्या संख्येने होते. त्यांचे स्मारक आधी शांतिउद्यानाबाहेर होते, ते १९९९ साली आत आणले गेले. एवढी एक गोष्ट सांगितली, तरी जपान फक्त सोसणारा देश होता असा एकांगी समज होत नाही. पाचवीच्या मुलांवर मात्र हे लादू नये.

भूकंपाबाबत उलट आहे. तो विषय पाचवीपासून घेता येतो, कारण तेथे मुले स्वतः काहीतरी करताना दिसतात. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारच्या जेवणाच्या सुमारास टोकियोच्या आसपासच्या कांतो भागात मोठा भूकंप झाला. घरोघरी चुली पेटलेल्या होत्या, त्यामुळे आगी लागल्या आणि एक लाखाच्या आसपास माणसे गेली. आजही १ सप्टेंबर हा आपत्तिनिवारण दिन म्हणून पाळला जातो आणि देशभर सराव होतात. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर कामाइशी शहरातील एका माध्यमिक शाळेची मुले त्सुनामी येईल हे ओळखून, सूचनेची वाट न पाहता उंच जागेकडे धावली आणि वाटेत शेजारच्या प्राथमिक शाळेतील लहान मुलांना हात धरून घेऊन गेली, ही नोंदलेली घटना आहे. ‘शिस्त’ हा शब्द एकदाही न वापरता ती मुलांना समजते.

धर्माच्या प्रकरणावर मी फार वेळ घालवत नाही. एकच युक्ती सांगतो : जपान सरकारच्या वार्षिक आकडेवारीत शिंतो (जपानचा स्वतःचा पारंपरिक धर्म), बौद्ध आणि इतर धर्मीयांची बेरीज देशाच्या एकूण लोकसंख्येपेक्षा जास्त भरते. मुलांना बेरीज करू द्यावी आणि ती चुकलेली नाही हे सांगावे. आकडे धर्मसंस्था स्वतः देतात आणि एकच कुटुंब शिंतो देवळातही जाते व बौद्ध मंदिरातही, हे त्यानंतर वाचलेले प्रकरण त्यांच्या लक्षात राहते.

वाचून घेण्याच्या पद्धतीबद्दल थोडेसे. पुस्तक हाती देण्याआधी प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न लिहून घ्यावा, आणि तो ‘जपान कसा आहे?’ इतका मोठा असू नये. ‘तिथल्या मुलांना शाळेत जेवताना बोलता येते का?’ हा उत्तम प्रश्न आहे. मग शब्दसूचीतून उत्तर शोधायचे. सापडले नाही, तर ‘या पुस्तकाने काय सांगितले नाही’ अशा यादीत प्रश्न चढवायचा. वर्गाच्या भिंतीवर ही यादी टांगलेली असावी, कारण पुढचे पुस्तक कोणते आणायचे ते तीच सांगते. वाचून झाल्यावर राजधानी, चलन आणि राष्ट्रीय फूल विचारणारी चाचणी घेऊ नये; ती घेतली की पुढच्या वेळी मुले तेवढेच वाचतात.

भाषांतरित पुस्तकांना प्राधान्य द्यावे, असे मी सुचवेन. जपानी लेखकाने जपानी मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि तेथे भाषांतरकाराची टीप लागते, हे खरे. पण तेथील मुलांना स्वतःच्या देशाविषयी काय सांगण्याजोगे वाटते, हे बाहेरून लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही. शक्य झाल्यास एक मूळ जपानी बालपुस्तकही वर्गात आणावे, मग ते वाचता येणारे कोणी नसले तरी चालेल. ते बहुधा उजवीकडून उघडते, ओळी वरून खाली जातात, आणि कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या, चिन्हांच्या शेजारी बारीक अक्षरांत त्यांचा उच्चार छापलेला असतो. तेथील मुले पहिलीत ८० कांजी शिकतात आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत १,०२६. जी अजून शिकलेली नाहीत, त्यांच्यासाठी हा आधार असतो. हे पाहिल्यावर, आपल्याच वयाचे मूल रोज काय वाचत असेल, याचा विचार मुले करू लागतात.

राहिली ती जुनी मालिका. ती काढून टाकू नये, पण माहितीच्या कपाटात नव्या पुस्तकांच्या शेजारीही ठेवू नये. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मुद्रणवर्ष मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि सातवीच्या मुलांना काम द्यावे : यातील कोणती वाक्ये आज बदलावी लागतील ते शोधा, प्रत्येकासमोर नवी माहिती आणि ती कोठे मिळाली ते लिहा. जपानचे पुस्तक आधी द्यावे, कारण बेटे, मासळीबाजार, सम्राटयुग आणि सज्ञान होण्याचे वय अशा चार जागा तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. त्या मुलांना सांगू नयेत, आणि पहिल्या आठवड्यात चारांपैकी दोन तरी त्यांना सापडल्या, तर मालिकेतले पुढचे पुस्तक त्यांच्या हाती द्यावे.